चांदण्या पाहणाऱ्या माणसाला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मास्तर_केळापूर

मंडळी, नमस्कार. येत्या गुरुवारी पेंटर येणार आहे, त्याच्या आत मला एक शब्द पक्का करायचा आहे. माणूस असा, की जो गणितं मांडत नाही, भविष्य तर सांगतच नाही, फक्त रात्री अंगणात उभा राहून वर पाहतो आणि आज काय कुठे आलं ते ओळखतो. त्याला आपल्या भाषेत काय म्हणतात?

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पुढे तेलंगणाच्या अंगाला, एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. पाचवी ते सातवीची चौदा मुलं दर महिन्यात अमावास्येच्या आगेमागच्या शनिवारी शाळेच्या गच्चीवर जमतात. सामान म्हणजे दोन सतरंज्या, एक दहा बाय पन्नासची दुर्बीण आणि एक टॉर्च, त्याच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद रबरानं बांधलेला. पांढरा उजेड एकदा डोळ्यात गेला की पुन्हा अंधाराला डोळा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, हे मुलांना आता इतकं पाठ आहे की कुणी मोबाइल उघडला तर चौदाही जणं ओरडतात. या गटाचं नाव मागच्या भिंतीवर लिहायचं आहे. नाव म्हटलं की त्यात तो शब्द आला.

"खगोलशास्त्रज्ञ" मी लिहिणार नाही. तो मान अभ्यासानं मिळतो आणि तो मिळवलेल्यांचाच राहावा. "खगोलप्रेमी" सगळ्या पेपरात असतो, पण वर्गात फळ्यावर लिहिला तर "प्रेमी" वाचून सातवीच्या मुली ओढणीत तोंड लपवायला लागल्या आणि पुढची दहा मिनिटं वाया गेली. "आकाशनिरीक्षक" अर्थानं बरोबर आहे, पण आमच्या गावात निरीक्षक म्हणजे पोलीस निरीक्षक, नाही तर पुरवठा निरीक्षक. पाटी पाहून माणूस आत येण्याऐवजी परत जाईल.

आणि "चांदणं" हा शब्द तर मला एकदा चांगलाच नडला. पहिल्या वर्षी मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर "चांदण्या रात्री आकाशदर्शन" असं लिहिलं. तारीख खाली बारीक होती, ती कुणी वाचली नाही. लोक पौर्णिमेला आले! त्यांचं काही चुकलं नव्हतं. चांदणं म्हणजे चंद्राचा उजेड, आणि चांदणं टिपूर असलं की चांदण्या दिसत नाहीत. एकाच मुळातले दोन शब्द, पण एक असला की दुसरी नसते.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहितो आहे ती सांगतो. 2022 चा डिसेंबर, शेवटचा आठवडा. त्या महिन्याच्या 8 तारखेला मंगळ सूर्याच्या बरोबर समोर आला होता आणि अजूनही तो वृषभ राशीत लालबुंद चमकत होता, त्याच्या जरा खाली रोहिणी, तीही तांबूस. मी मुलांना दोन्ही तांबड्यांतला फरक दाखवत होतो, रोहिणी लुकलुकते, मंगळ स्थिर. तेवढ्यात शेजारच्या गावातली एक बाई जिना चढून वर आली. साठीच्या पुढची असेल. पदराखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पत्रिका. कुणी तरी तिला सांगितलं होतं, शाळेवर ज्योतिषी बसतो आणि पैसे घेत नाही.

ती सगळं होईपर्यंत कोपऱ्यात बसून राहिली. मुलं गेल्यावर पिशवी पुढे केली. पोरीला मंगळ आहे, तो कधी सुटेल तेवढं सांगा. मी म्हटलं, आजी, मला पत्रिका वाचता येत नाही. तिचा चेहरा असा उतरला की मला काय करावं सुचेना. मग मी तिला उभं केलं, दुर्बीण हातात दिली, कोपर कठड्यावर टेकवायला लावलं आणि मंगळ दाखवला. बराच वेळ पाहत होती. दुर्बीण डोळ्यावरून न काढताच म्हणाली, "हाच काय तो मंगय? एवढासाक? याच्यापाई माह्या पोरीच्या तीन सोयरिका मोडल्या?"

त्यावर मी काही बोललो नाही. तिनं पत्रिका पुन्हा पिशवीत गुंडाळली, गाठ मारली आणि गेली.

ती चार किलोमीटर चालत आली ती एका शब्दामुळे. तिच्या लेखी वर पाहणारा म्हणजे ज्योतिषी, दुसरा शब्दच तिच्याजवळ नव्हता. तो शब्द मला भिंतीवर हवा आहे, तिला वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात. कुणाच्या गावात, घरात, जुन्या पुस्तकात असेल तर कृपा करून सांगा.

सं_शिक्षिका_अमरावती

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी अडतीस वर्षं संस्कृत शिकवलं, आता निवृत्त आहे. त्या आजींना द्यायला आपल्याजवळ शब्द नसावा हे मला लागलं, कारण शब्द होते. ते आपण हातचे घालवले.

मुळात "ज्योतिष" हा शब्द आकाशाचाच आहे. ज्योति म्हणजे तेजाचा गोळा, आणि त्यांच्या गतीचं शास्त्र ते ज्योतिष. वेदांग ज्योतिषात कुणाच्या लग्नाचं भविष्य नाही, तिथी आणि नक्षत्रं कशी मोजायची ते आहे. पुढे या शास्त्राचे तीन स्कंध धरले गेले, गणित, संहिता आणि होरा. जन्मपत्रिका येते ती यातल्या होरेत. कालांतरानं होरेनं अख्ख्या घराचा ताबा घेतला, आणि मूळ मालकाला "खगोलशास्त्र" असं नवं नाव घेऊन बाहेर राहावं लागलं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा मोठा इतिहासग्रंथ 1896 मध्ये निघाला. त्याच्या नावात "भारतीय ज्योतिषशास्त्र" हेच शब्द आहेत आणि आत ग्रहगणिताचा, सिद्धान्तांचा, पंचांगांचा इतिहास आहे. दीक्षितही तुमच्यासारखे शिक्षकच होते, हे मुद्दाम सांगते. "जोशी" हे आडनावसुद्धा ज्योतिषीवरून आलेलं. गावाला आज अमावास्या की पौर्णिमा ते सांगणं हे त्या माणसाचं पहिलं काम होतं.

पण आज ज्योतिषी हा शब्द परत मागायला जाऊ नका. भांडण फार जुनं आहे आणि गावच्या भिंतीवर ते मिटणार नाही.

त्याऐवजी एक विसरलेला शब्द देते. वाजसनेयी संहितेच्या, म्हणजे शुक्ल यजुर्वेदाच्या, तिसाव्या अध्यायात समाजातल्या नाना प्रकारच्या माणसांची लांबच लांब यादी आहे, रथकार, कुंभार, सुतार, वैद्य. त्यातच "नक्षत्रदर्श" येतो, नक्षत्रं पाहणारा. आणि तो कशासाठी? "प्रज्ञानाय", प्रकर्षानं जाणण्यासाठी. त्याच्या शेजारीच वैद्य आहे, पावित्र्यासाठी. किती नेमकी जागा दिली आहे पाहा. तिथे फळ नाही, शांत नाही, दक्षिणा नाही. पाहणं आणि जाणणं, एवढंच.

याच्या अगदी उलट शब्दही आहे, तो चुकून लिहू नका: "नक्षत्रसूचक". ऐकायला गोड वाटतो, पण सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत शास्त्र न शिकता दैवज्ञ म्हणून मिरवणाऱ्याला हे नाव दिलं आहे आणि त्याला पंक्तीत बसायलाही अपात्र ठरवलं आहे. म्हणजे नक्षत्रांकडे पाहणारा आणि नक्षत्रांच्या नावावर पोट भरणारा, हा फरक तेव्हाही लोकांना कळत होता आणि दोघांना वेगळे शब्दही होते.

माझं मत "नक्षत्रदर्शी"ला. "र्श" काढायला पेंटरला जरा त्रास होईल, होऊ द्या.

बातमीदार_नागपूर

"खगोलप्रेमी"चा दोष आमच्यावर येतो, म्हणून लिहितो. ग्रहण, उल्कावर्षाव, दोन ग्रह जवळ येणं, काहीही असो, रात्रपाळीला मथळा ठरलेला असतो, "खगोलप्रेमींसाठी पर्वणी". गंमत अशी की यातली "पर्वणी" ही आकाशातलीच आहे. पर्व म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचा सांधा, ग्रहणाचा काळ. म्हणजे अर्धा मथळा मुळात बरोबर असतो, अडतं ते उरलेल्या अर्ध्यात. "हौशी" हा शब्दही मला पुरता पटत नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून चालू आहे. इतकी वर्षं जे लोक रात्री जागून नोंदी ठेवत आले त्यांना नुसतं हौशी म्हणणं मला तरी कमी वाटतं.

एक आठवण. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. अंधार पडल्यावर विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे एका ओळीत गेले आणि आमच्याकडे फोनवर फोन. कुणी विमान पेटलं म्हणत होतं, कुणी क्षेपणास्त्र, बहुतेक जण उल्का. गडचिरोलीकडून एका गुराख्याचा फोन आला. तो म्हणाला, "तुटनारी चांदनी डोया मिटाच्या आत जाते जी. हे त बैलगाडीवानी गेलं." रात्रभरात इतकं स्वच्छ दुसऱ्या कुणीच सांगितलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी रिंग पडलेली सापडली, आणि ती चिनी रॉकेटची असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. अवकाशातून परत येणारा असा कचरा उल्केच्या मानानं फार सावकाश आणि आडवा येतो, म्हणून तो रेंगाळताना दिसतो. गुराख्याला रॉकेटातलं काही माहीत नव्हतं. पण रोजची तुटणारी चांदणी कशी जाते ते त्याला माहीत होतं, त्यामुळे ही ती नव्हे एवढं तो ठामपणे सांगू शकला.

बातमीत त्याच्यासाठी मी शब्द वापरला "प्रत्यक्षदर्शी". अपघाताच्या बातमीत वापरतो तोच. बाईंचा "नक्षत्रदर्श" वाचल्यावर आज वाटलं, तेव्हा माहीत असता तर छापला असता.

जागलीवाला

मास्तर, राम राम. मी आर्णीकडचा. शिकेल कमी, पन हे वाचलं अन् राहवलं नाई म्हून लिवतो.

आमचे आबाजी जागलीले जायेत अन् मले संग नेत. तूर भरली का रानडुकरं येतात, एका रातीत अर्दा एकर साफ. मंग मचानावर बसाचं, टिनाचा डबा वाजवाचा, शेकोटी विझू द्याची नाई. घडी कोनाजवळ होती? वरतं पाह्याचं. तीन चांदन्या एका ओयीत दिसतात ना, तिले आमी तिफन म्हनतो. काई जन तिकांडं म्हनतात. तुरीच्या दिवसात तिफन सांजेलेच उगोते, अगदी सोज्या पूर्वेले. डोक्याजवळ आली का अर्दी रात झाली. मावयतीले टेकली का आबाजी उठवत, चाल, ढोरायले चारा टाकाचा हाये.

दुसरी बाज. तुमी सप्तर्षी म्हनता ते. ते बाज म्हातारीची, अन् तीन चोर ते न्याले पायतात. आबाजी म्हनत, ध्यान ठेव, पयले बाजेचे चार खूर वर येतात. चोर मागून येतात, एक-एक करून, चोरावानीच. शेवटचा चोर झाडाच्या वर निंगाला का समज बारा वाजून गेले. मी लहान होतो, मले वाटे आज त नक्की नेतीन. पन दुसऱ्या राती पाहा त बाज तिथंच.

अन् मंदल्या चोराच्या बगलेले एक बारीक चांदनी हाये. आबाजी दरसाली इचारत, दिसते काय रे? मले दिसे. मंग एका साली मी त्यायले इचारलं, तुमाले दिसते काय? ते काईच बोलले नाई, शेकोटीत काडी सरकवली. मंग मले समजलं. त्या सालापासून जागलीले मी एकटा जाऊ लागलो.

त्यायले कोनी काई येगळं नाव देल्लं नोतं मास्तर. जागलीले गेला म्हनत. जागल्या म्हनत. रातीचं आभाय ज्याले समजते तो जागल्या, आमाले त एवढंच ठावं.

सं_शिक्षिका_अमरावती

जागलीवाले दादा, तुमचा निरोप वाचून मी कपाटातून ऐतरेय ब्राह्मण हा ऋग्वेदाचा ग्रंथ काढला आणि चष्मा शोधायला लागले. तुम्ही सहज लिहून गेलात, "काई जन तिकांडं म्हनतात".

ऐतरेय ब्राह्मणात गोष्ट आहे. प्रजापती मृगाचं रूप घेऊन पळतो आणि त्याच्यावर बाण सुटतो. ते हरीण म्हणजे आकाशातलं मृग नक्षत्र, मारणारा तो मृगव्याध, आणि बाण तो "इषुस्त्रिकाण्डा", तीन कांडांचा, तीन पेरांचा बाण. त्या तीन ओळीतल्या चांदण्या. त्रिकाण्ड, तिकांडं! मी हा उतारा वर्गात कितीदा शिकवला असेल. पण तोच शब्द तुरीच्या मचाणावर अजून जिवंत आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी कुणाला विचारलं नाही. ज्यांनी हा शब्द इतकी शतकं सांभाळला त्यांच्यातल्या कित्येकांना लिहिता येत नव्हतं. तुमच्या आबाजींना माझा नमस्कार.

सर, माझं मत मी मागे घेते. "नक्षत्रदर्शी" पुस्तकात राहू द्या.

मास्तर_केळापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गच्चीवर मी हे सगळं मुलांना वाचून दाखवलं. जागलीवाले दादांचं लिहिणं वाचताना आवाज मोठा करावा लागला नाही, इतकी ती शांत होती.

मग विचारलं, तुमच्या घरी रात्री कोण वर पाहतं? चौदातल्या नऊ जणांनी हात वर केले. सगळ्यांचं उत्तर आजा, नाही तर बाप, आणि ठिकाण एकच, जागल. टिपेश्वरचं जंगल आमच्यापासून लांब नाही, वाघाची भीती वाढल्यापासून पुष्कळांनी रात्रीचं वावरात राहणं सोडलं आहे, कुंपणाला झटका मशीन लावतात. एक मुलगा म्हणाला, बाबा आता जागलीले जात नाही, म्हून मले बाज कोनी दाखवली नाई. हे मला आजवर कधी सुचलंच नव्हतं. मुलांना आकाश दिसेनासं झालं ते फक्त विजेच्या दिव्यांमुळे असं मी धरून चाललो होतो.

पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारी एक मुलगी आहे. ती सहसा बोलत नाही. तिनं सांगितलं की तिच्या घरी चांदणीला "सुक्का" म्हणतात. तेलुगूत "चुक्का" हे मी ऐकून होतो, सीमेवरच्या बाजारात कानावर येतं. वर्गात दोन वर्षं तारे शिकवतो आहे आणि या पोरीच्या भाषेत त्यांना काय म्हणतात हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. आता मुलं दुर्बीण मागताना "सुक्का दाखव" म्हणतात.

तर शब्द ठरला. केंद्रप्रमुखांकडे जाणाऱ्या अहवालात "आकाशनिरीक्षण गट" राहील, तिथे तोच शोभतो. भिंतीवर "चांदण्यांचे जागले". एका पालकानं हरकत घेतली की जागल्या म्हणजे राखण करणारा, चांदण्यांची राखण कसली करता? माझं म्हणणं असं, की जागल्या आधी जागा राहतो, राखण त्याच्या नंतर. शिवाय हा शब्द त्या आजींना कुणी समजावून द्यावा लागणार नाही, त्यांच्या घरातही कुणी तरी जागलीला गेलेलंच असेल. त्यांच्या गावी निरोप पाठवला आहे. या अमावास्येला आल्या तर त्यांना गुरू दाखवीन, त्याचे चंद्र आमच्या दुर्बिणीतून दिसतात.

पेंटर ठरल्या दिवशी आला. अक्षरं निळ्या रंगात, चांगली हातभर. खाली त्यानं पांढऱ्या रंगानं बाज काढली, चार खूर आणि तीन चोर, मी वहीत काढून दिलं होतं तशी. ब्रश धुवायला तो वळला, तेवढ्यात ती पोडावरची मुलगी भिंतीजवळ गेली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, मंदल्या चोराजवळची राह्यली."

पेंटरनं ब्रश तिच्याच हातात दिला.